बोराटे सरांचा हात जाळीला लागला

बोराटे सरांची उंची बेताची. बेताची म्हणजे, आमच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात बुटकी मी होते, आणि माझ्या शेजारी उभं राहायला सरांना आवडायचं. इंदापूरच्या कॉलेजातले बास्केटबॉलचे प्रशिक्षक अशी कुणी त्यांची ओळख करून दिली, की समोरचा आधी सरांकडे बघायचा आणि मग त्यांच्या पाठीमागे आणखी कुणी उभं आहे का ते बघायचा. सरांना याची सवय होती. ते म्हणायचे, "रिंग दहा फुटावर हाय. उंच माणसाला बी वर, मला बी वर. मान वर करायचीच हाय तर लाजायचं कशाला?"

अंगात कायम फिकट निळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी आणि पायात बूट नेहमी स्वच्छ. ती शिट्टी सरावात मात्र कधी वाजली नाही. त्यांचा नियमच तसा होता. सरावात जिचा धक्का लागेल, तिने स्वतःहून हात वर करायचा आणि चेंडू समोरच्या मुलीला द्यायचा. सर नुसते कडेला उभे. नवी मुलगी आली की पहिले आठ-पंधरा दिवस तिचा हात काही वर जायचा नाही. सर काहीच बोलायचे नाहीत, फक्त तिच्याकडे बघून हसायचे. त्या हसण्याचा इतका ताप व्हायचा की शेवटी ती कंटाळून हात वर करायची. पुढे पुढे आम्हाला ही खोड इतकी जडली की एसटीत एकदा आमच्यातल्या एकीचा पाय एका आजीबाईंच्या पायावर पडला, तर हिने 'सॉरी' म्हणायच्या आधी हात वर केला. आजीबाईंना वाटलं पोरगी मारायला उठली. कंडक्टरला मध्ये पडावं लागलं.

संघात मुली आणायच्या हेच सरांचं निम्मं काम होतं. आमच्याकडे कॉलेजला जाणारी मुलगी दुपारच्या गाडीने घरी हवी. संध्याकाळी मैदानावर पळायचं, तेही ट्रॅकपँट घालून, हे घरात सांगायची सोय नव्हती. माझ्या घरी, कळसला, सर पहिल्यांदा आले तेव्हा मी आत स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभी होते. सरांनी खेळाचं नावसुद्धा काढलं नाही. "तात्या, औंदा बहार कुठला धरला?" इथून सुरुवात. मग डाळिंबावरचा तेल्या रोग, मग पाणी, मग व्यापारी कसा बागेत येऊन नाक मुरडतो. माझे वडील खुलले. सर चहा पिऊन निघून गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा तेच, तेल्या आणि व्यापारी. जाताना बागेतल्या दोन वाळक्या फांद्या स्वतः छाटून गेले. तिसऱ्या वेळी तात्यांनाच राहवलं नाही.

"सर, तुमी आमच्या पोरीचं कायतरी म्हणत व्हता न्हवं?"

"मी कुठं म्हणलं? पण आता तुमी इषय काढलाच हाय, तर सांगतो," सर म्हणाले, आणि तासभर बोलले.

बाहेरगावचा सामना असला की परत येताना सर जीपमध्ये शेवटपर्यंत बसायचे. प्रत्येकीच्या दारात उतरायचे, तिच्या वडिलांना हाक मारायचे आणि म्हणायचे, "ही तुमची. जशी नेली तशी." एकदा माझा गुडघा चांगलाच सोलवटला होता, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे पुढे जोडलं, "एक गुडघा सोडून." तात्या आजही हे लोकांना सांगतात.

सरांचं तोंड स्वच्छ होतं, इतकं की कधी कधी आम्हालाच ते कमी पडतंय असं वाटायचं. फार संतापले की ते "अगं शेंगदाण्या!" असं ओरडायचे. याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती. सामना चालू असताना ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसायचे. हात मोकळे राहिले की ते आपोआप पंचांकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. सामना अटीतटीचा झाला की बाकाची फळी करकरायची आणि आम्हाला मैदानावरून कळायचं, सर आतून काय काय बोलतायत.

रोज सकाळी मैदान ते स्वतः झाडायचे. आम्ही खेळायला लागलो तशी कुंपणाच्या भिंतीवर पोरांची रांग बसायला लागली. मुली खेळतात म्हणजे बघायला हवंच. प्राचार्यांनी शिपाई पाठवून हाकलायचा विचार केला. सर म्हणाले, "नको, पावनं हायत." ते खराटे घेऊन भिंतीपाशी गेले आणि अगदी आदराने म्हणाले, "या की आत. बघायचंय तर जरा हातभार लावा. त्या कोपऱ्यातली माती तेवढी राह्यलीया." दुसऱ्या दिवशी रांग निम्मी. तिसऱ्या दिवशी भिंत मोकळी. दोघे मात्र रोज यायला लागले आणि पुढे आमच्या सामन्यांना गुणफलक तेच सांभाळायचे.

सर आता निवृत्त होऊन नरसिंहपूरकडच्या आपल्या शेतात रमले आहेत. फोन केला की पहिला प्रश्न, "गुडघा काय म्हणतोय?" पण मला सांगायचं आहे ते मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचं, सुनंदाचं आणि त्या रिंगचं.

सुनंदा पळसदेवची. उजनीच्या पाण्याकाठी घर, वडिलांचा मासेमारीचा धंदा. भाऊ नव्हता, म्हणून लहानपणापासून ही आबांबरोबर होडीत. जाळं फेकून फेकून तिच्या मनगटात अशी काही ताकद आणि नेमकेपणा आला होता, की पहिल्या दिवशी सरांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि तिने तो लांबून, फारसं न बघता, रिंगमध्ये टाकला. सरांनी चेंडू परत दिला. तिने परत टाकला. सर त्या दिवशी मैदान झाडताना गाणं म्हणत होते.

आबांनी तिला खेळायला पाठवलं खरं, पण एका बोलीवर. माझ्यासमोरच त्यांनी सरांना सांगितलं होतं, "सर, औंदाच्याला इद्यापीठाच्या संघात नाव आलं तर पोरगी फुडं शिकंल बी आन् खेळंल बी. न्हाय आलं, तर मला होडीत माणूस पायजे. एकट्यानं जाळं वढत न्हाय आता." त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. आबांचे खांदे खरंच गेले होते. सरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून संघाचं काय व्हायचं ते होवो, सुनंदाचं नाव यादीत आलं पाहिजे, हे आम्ही सगळ्याच जणी मनात धरून होतो.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं मैदान नवं झालं होतं. जुना कोबा जागोजागी फुटला होता, त्यावरून पडलं की गुडघे हमखास जायचे. नवं मैदान म्हणजे आरसा. आणि त्या मैदानावर आमचा खेळ असा काही बहरला, की विचारू नका. सुनंदाचा तर एक चेंडू बाहेर जायला तयार नाही. बारामतीच्या मुलींचा संघ म्हणजे आमचे जुने वैरी, त्यांनी आम्हाला कधी जिंकू दिलं नव्हतं. त्या मुली सरावाचा सामना खेळायला आमच्याकडे आल्या आणि आम्ही त्यांना चक्क हरवलं. मग आम्ही बारामतीला गेलो तर आमचा एक चेंडू धड पडेना. सगळे रिंगच्या पुढच्या कडेवर, ठण्ण. सर म्हणाले, "जेवान जड झालं तुमाला." मटणाचा रस्सा होता, त्यामुळे आम्हालाही ते पटलं.

विभागीय स्पर्धा त्या वर्षी आमच्याच कॉलेजात भरायच्या होत्या. विद्यापीठाची निवड समिती तिथेच येणार होती. आणखी काय हवं? सुनंदा आपल्या अंगणात खेळणार होती.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. सकाळचा सराव संपला होता. कुणीतरी सरांना चिडवलं, "सर, तुमचा हात जाळीला तरी लागतो का?" हे आम्ही दरवर्षी विचारायचो. सर दरवर्षी पळत जाऊन उडी मारायचे, हात हवेत फिरायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. सर पळाले, उडी मारली आणि जाळी हलली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. सरांनाही नाही. त्यांनी पुन्हा उडी मारली. पुन्हा जाळी हलली. मग जो काही आरडाओरडा झाला, तो प्राचार्यांच्या खोलीपर्यंत गेला. सर मैदानभर धावले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळकरी मुलासारखा. त्यांनी शिपायाला पिटाळून गरम जिलेबी आणवली, आम्हाला वाटली, गुणफलकवाल्या दोघांना वाटली, वाटेने चाललेल्या केमिस्ट्रीच्या बाईंनाही दिली. "ज्यासाठी आयुष्य घातलं त्येला आज हात लागला बघा," असं सगळ्यांना सांगत होते.

संध्याकाळी सर सरावाला आले ते गप्प. बाकावर बसून रिंगकडे बघत राहिले. शेवटी मी विचारलं, तर म्हणाले, "आगं, ह्या वयात माणूस वाढत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी आणि टेप घेऊन आले. रिंग दहा फुटांवर नव्हती. चांगली वीतभर खाली होती. सरांनी दुसऱ्या टोकाची मोजली. तीही तेवढीच खाली.

घोळ काय झाला होता, ते आमच्याकडच्या कुणालाही लगेच उमगेल. गावातला रस्ता आपण कसा करतो? जुना न उखडता त्यावरच खडी-मुरूम ओतायचा आणि वरून नवा थर. दरवेळी रस्ता वर येतो आणि घरांचे उंबरे खाली जातात. आमचं मैदानही ठेकेदाराने तसंच केलं होतं. फुटका कोबा जागच्या जागी, त्यावर मुरूम, त्यावर नवं काँक्रीट. मैदान वर आलं, खांब होते तिथेच राहिले. आणि आम्ही सगळ्या जूनपासून बुटक्या रिंगमध्ये चेंडू टाकत स्वतःच्या पाठी थोपटून घेत होतो.

सर प्राचार्यांकडे गेले. आम्ही दाराबाहेर. प्राचार्य समजूतदार माणूस होते. ते म्हणाले, "अहो बोराटे, दोन्ही संघांना तीच रिंग आहे ना? मग अन्याय कुणावर? स्पर्धा होऊ द्या, मग निवांत वर घ्या."

"सर, रिंग सारखी हाय, सराव सारखा न्हाय. आमच्या पोरी इथं सा म्हयनं खेळल्यात. बाकीच्या पयल्यांदा येणार."

"पण कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या आलंय की," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. आम्ही रडकुंडीला आलो. एकीने धीर करून म्हटलं, "सर, आपण मतदान घेऊ. सगळ्यांचं मत काय ते बघू." सर हसले आणि म्हणाले, "ह्यात मत घ्यायचं नसतं, बाळा." सुनंदा रिंगकडे बघत होती.

दुपारी आबा आले. त्यांना सुनंदाने फोनवर सांगितलं असावं. मोटरसायकल उभी करून तडक सरांपाशी आले. "सर, मी अडाणी माणूस. पर एक इनंती हाय. पोरीचं एवढं नाव येऊ द्या. मग ती रिंग आबाळात न्या, मी वर चढून बांधू लागतो."

सरांनी हातातला टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आबा, तुमी मासळी इकता. तोलताना काट्याला बोट लावता का?"

"लोक लावत्यात."

"तुमी?"

आबांनी मान खाली घातली. "न्हाय," म्हणाले.

"मग माझ्याकडनं कसं लावून घेता?"

आबा तसेच उभे राहिले. मग मोटरसायकलला किक मारून निघून गेले. सर त्यांच्या मागे दोन पावलं गेले आणि थांबले. त्या वेळी सरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना आपण बरोबर आहोत याचा जराही आनंद झालेला नव्हता.

त्याच संध्याकाळी वेल्डर आला. ट्रॅक्टरची ट्रॉली रिंगखाली लावली, तिच्यावर टेबल, टेबलावर वेल्डर, आणि खालून सर, "आणखी एक बोट. आणखी. हां, थांब." दोन्ही बोर्ड वर गेले. टेप चार वेळा लावून झाला. त्यानंतर सरांनी बारामतीच्या मॅडमना फोन केला आणि सगळी हकिकत सांगून वर म्हणाले, "तर मॅडम, आमच्याकडं तुमी हारला तो सामना धरू नका. आमीबी धरत न्हाय." हे ऐकून आमच्यातल्या दोघी खरोखरच रडल्या. आयुष्यात एकदा बारामतीला हरवलं होतं, तेही परत करून टाकलं.

सामन्याआधी सराव करायला जेमतेम दोन दिवस होते. सुनंदाचा हात त्या वीतभर फरकाला काही केल्या ऐकेना. नव्या मुलीला शिकवणं सोपं असतं, मुरलेला हात बदलणं कठीण. सर तिच्याबरोबर उन्हातान्हात उभे. चेंडू गोळा करून देत होते, एकदाही "शेंगदाण्या" म्हणाले नाहीत. त्यानेच आम्हाला जास्त भीती वाटली.

उपांत्य सामना बारामतीशीच. समितीतले लोक समोर खुर्च्यांवर. आबाही आले होते, भिंतीला टेकून लांब उभे. पहिल्या अर्ध्यात सुनंदाचा एकेक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत येत होता. तो ठण्ण आवाज ऐकवत नव्हता. बाकाची फळी मात्र एकदाही करकरली नाही. सर स्थिर बसले होते. मध्यंतरात त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "पाणी खोल हाय असं समज. जाळं जरा लांब टाक."

दुसऱ्या अर्ध्यात तिचं मनगट सुटलं. एक पडला, दुसरा पडला, मग लागोपाठ पडतच गेले. भिंतीपलीकडे लोक गोळा झाले. आम्ही एका बास्केटने हरलो. पण हरताना इतकं छान मी त्याआधी कधी खेळले नव्हते आणि नंतरही नाही.

समितीतले लोक मध्यंतरानंतर गावातल्या शाळेच्या मैदानावर, दुसऱ्या सामन्याकडे गेले होते. त्यांचीही चूक नव्हती, त्यांना सगळीकडे बघायचं होतं. सरांनी जाऊन त्यांना रिंगचा सगळा घोळ सांगितला. त्यांनी नीट ऐकूनही घेतलं. पण जे पाहिलं त्यावरच नावं काढावी लागतात, असं ते म्हणाले. संध्याकाळी यादी वाचली. बारामतीच्या चौघी होत्या. सुनंदाचं नाव नव्हतं.

सुनंदा रडली नाही. तिने बूट काढून पिशवीत ठेवले आणि पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली. आम्ही तिच्याभोवती नुसत्याच उभ्या. तेवढ्यात आबा भिंतीपासून निघाले आणि सरळ सरांच्या दिशेने चालत आले. सरही उठून उभे राहिले. आबांसमोर ते अगदीच लहान दिसत होते.

"आबा," सर म्हणाले. "आबा, माझ्यामुळं पोरीचं..."

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "फुडल्या वर्साची स्पर्धा कुठं हाय?"

सरांना प्रश्न कळायला वेळ लागला. "बारामतीला," ते म्हणाले.

"मग तिथली रिंग आधीच जाऊन मोजून या. पोरगी येणार हाय."

सुनंदाने पुढच्या वर्षी बारामतीत काय केलं, विद्यापीठाची जर्सी घालून ती कुठे कुठे खेळली, हे सगळं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मला सरांची आठवण आली की ती संध्याकाळच दिसते. सुनंदाची आई घरी निकालाची वाट बघत होती. तिला हे कोण सांगणार, असा प्रश्न निघाला, तर सर म्हणाले, "मी सांगतो," आणि आबांच्या मोटरसायकलवर चढून बसले. पुढे आबा, मध्ये सर, मागे सुनंदा. सरांचे पाय कुठेच टेकत नव्हते, दोन्हीकडे लोंबकळत होते. गाडी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा सर मागे वळून सुनंदाला मनगट कसं सोडायचं ते दोन्ही हात वर करून दाखवत होते. गाडी उसाच्या ट्रॅक्टरला वळसा घालताना चांगलीच हेलकावली आणि आबांचा आवाज आम्हाला फाटकापर्यंत ऐकू आला, "सर, हात खाली घ्या, तिघंबी पडू!"